यकृतविकारातील स्नायुक्षय आणि व्यायामोपचार

यकृताच्या दीर्घकालीन विकाराने पीडित असलेल्या रुग्णाची तपासणी करताना वैद्यकाचे लक्ष प्रथम काविळीकडे, पोटात साठलेल्या पाण्याकडे आणि रक्ताच्या अहवालातील आकड्यांकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच रुग्णाच्या मांड्या, दंड आणि कानशिले यांकडे नीट पाहिल्यास आणखी एक आजार निमूटपणे पुढे सरकत असल्याचे दिसते. हा आजार म्हणजे स्नायूंचा ऱ्हास होय. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने वार्धक्यातील स्नायुक्षयाला, ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘दारिद्र्य’ या अर्थांच्या शब्दांवरून, ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. म्हातारपणासाठी योजलेले हे नाव यकृताच्या सिरॉसिसमध्ये मात्र चाळिशी-पन्नाशीच्या रुग्णांनाही लागू करावे लागते.

या विषयाची मांडणी आम्ही वार्षिक अहवालातून करीत आहोत, त्याला कारण आहे. सिरॉसिसच्या रुग्णाचे स्नायू राखण्याचे काम औषधालयात फार थोडे होते. त्याचा मोठा भाग रुग्णाच्या स्वयंपाकघरात आणि घराच्या पडवीत होतो. तेव्हा नातेवाइकांना त्यामागील शास्त्र ठाऊक असणे अगत्याचे आहे.

स्नायूंचे दुसरे काम

आपण खाल्लेल्या प्रथिनांचे पचन होताना आतड्यांत अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते व तो लघवीवाटे बाहेर पडतो. यकृत निबर आणि गाठीगाठींचे झाले की हे काम मंदावते, रक्तातील अमोनिया वाढतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. मग रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, त्याचे अक्षर बिघडते, बोलण्यात विसंगती येते आणि प्रसंगी तो बेशुद्धही होतो. अशा वेळी शरीरात अमोनियाची विल्हेवाट लावणारे दुसरे मोठे ठिकाण म्हणजे हातापायांचे स्नायू. स्नायू अमोनिया शोषून घेऊन त्याचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात. म्हणजे यकृत थकल्यावर मांडी आणि पोटरी त्याची काही पाळी सांभाळत असतात.

दुर्दैव असे की हाच अमोनिया स्नायूंचा शत्रूही आहे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक प्रथिन १९९७ मध्ये प्रकाशात आले. वाढलेल्या अमोनियामुळे स्नायूंतील मायोस्टॅटिन वाढते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. स्नायू झिजले की अमोनिया आणखी साठतो, रुग्ण अधिक सुस्त होतो, सुस्तीमुळे अंथरुण धरतो आणि अंथरुण धरल्यामुळे स्नायू अधिकच झिजतात. हे चक्र एकदा सुरू झाले की केवळ गोळ्यांनी ते थांबविणे कठीण असते.

दुसरे कारण उपासमारीचे आहे. निरोगी यकृतात साखरेचा साठा असतो आणि रात्रीच्या झोपेत तो शरीराला पुरतो. सिरॉसिसमध्ये हे कोठार जवळजवळ रिकामे असते. निरोगी मनुष्याने दोन ते तीन दिवस निराहार राहावे आणि त्याच्या शरीरात जे बदल व्हावेत, ते सिरॉसिसच्या रुग्णात एका रात्रीच्या उपाशी झोपेनंतर दिसतात. कोठार रिकामे असल्याने शरीर स्नायू मोडून त्यातून साखर बनविते. रात्री आठला जेवून सकाळी दहाला नाश्ता करणारा रुग्ण रोज रात्री आपल्या मांडीचे मांस थोडे थोडे जाळत असतो.

वजनकाटा फसवितो

या ऱ्हासाचा पत्ता लवकर का लागत नाही? कारण वजन. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका शेतकरी गृहस्थांचे उदाहरण येथे देतो. वर्षभरात त्यांच्या वजनात फरक पडला नव्हता आणि त्यामुळे घरची मंडळी निश्चिंत होती. जलोदराचे काही लिटर पाणी काढल्यावर खरी स्थिती उघड झाली. जेवढे मांस गेले होते, तेवढीच जागा पाण्याने भरून काढली होती. त्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पाण्याचा तांब्यासुद्धा आम्ही यांना उचलू देत नाही.” हे सांगताना त्यांच्या स्वरात अभिमान होता आणि तो अस्थानी होता असे कोण म्हणेल? त्यांनी जिवापाड सेवा केली होती. ती सेवा कोणत्या दिशेने न्यावी हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

तेव्हा पाय सुजलेल्या वा पोट फुगलेल्या रुग्णाचे वजन हा पोषणाचा पुरावा मानू नये. दंडाचा घेर मोजावा, कानशिले खोल गेली आहेत काय, खांद्याची व गळ्याची हाडे वर आली आहेत काय, हे पाहावे. रुग्णालयात मुठीची पकड एका लहान उपकरणाने मोजता येते. त्याहून सोपी परीक्षा खुर्चीची आहे. हात छातीशी दुमडून रुग्णाने खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे आणि त्यास लागणारा वेळ घड्याळात पाहावा. पकड, खुर्ची आणि पावले निरनिराळ्या रीतीने ठेवून दहा-दहा सेकंद तोल सांभाळणे या तीन परीक्षांवरून सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टरांनी २०१७ मध्ये यकृतरुग्णांच्या दुर्बलतेचा एक निर्देशांक तयार केला. त्यास खर्च जवळजवळ नाही. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत रुग्णाची निकड ठरविण्यासाठी वापरला जाणारा ‘मेल्ड’ गुणांक मुख्यतः रक्ताच्या तपासण्यांवरून काढला जातो, त्यात स्नायूंचा विचार नाही. परिणामी दोन रुग्णांचे गुणांक सारखे असूनही एक जण जिना चढून येतो आणि दुसऱ्यास उचलून आणावे लागते. या दुसऱ्या रुग्णास यादीवर असताना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

विश्रांतीचा आग्रह कोठून आला

काविळीच्या रुग्णाने पडून राहावे, तेल, हळद आणि डाळ वर्ज्य करावी, उसाचा रस व मऊ भात यांवर राहावे, हे पथ्य आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. आधुनिक वैद्यकातही एकेकाळी असाच आग्रह होता. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांमध्ये संसर्गजन्य काविळीची साथ होती. त्यांच्यावर काळजीपूर्वक केलेला एक प्रयोग १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीने झोपवून ठेवलेल्या आणि मनाप्रमाणे हिंडूफिरू दिलेल्या रुग्णांच्या बरे होण्यात विशेष फरक आढळला नाही. उलट भरपूर प्रथिनयुक्त आहार घेणारे लवकर बरे झाले. हा प्रयोग तीव्र काविळीचा होता, सिरॉसिसचा नव्हे, हे खरे. तरी सक्तीच्या विश्रांतीचा पाया किती ठिसूळ होता ते त्यावरून दिसते.

सिरॉसिसमध्ये व्यायामाची भीती बाळगण्यास मात्र एक आधार होता. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेत, म्हणजे पोर्टल व्हेनमध्ये, या रोगात दाब वाढलेला असतो व त्यामुळे अन्ननलिकेतील शिरा फुगतात. व्यायाम करीत असताना हा दाब आणखी वाढतो, असे १९९६ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी मोजून दाखविले. फुगलेली शीर फुटली तर? हा प्रश्न पुढे वीस वर्षे डॉक्टरांच्या मनात राहिला. त्याच संशोधकांनी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यास ही वाढ रोखता येते, असेही दाखविले होते, परंतु भीती लक्षात राहिली आणि उपाय मागे पडला.

पुढील अभ्यासांनी चित्र बदलले. व्यायामाच्या क्षणी दाब वाढला तरी नियमित व्यायामाचा दीर्घकालीन परिणाम उलट असू शकतो, असे २०१६ मध्ये मेक्सिकोतील चौदा आठवड्यांच्या एका लहान अभ्यासातून सूचित झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात स्थूल सिरॉसिस-रुग्णांना सोळा आठवडे बेताचा आहार आणि देखरेखीखालील व्यायाम देण्यात आला. वजन घटलेच, शिवाय पोर्टल व्हेनमधील दाबही सरासरी १० टक्क्यांच्या आसपास कमी झाला. डेन्मार्कमधील २०२० च्या अभ्यासाचे महत्त्व आम्हांस सर्वाधिक वाटते. त्यात ३९ रुग्णांपैकी निम्म्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या मांडीची ताकद सुमारे १३ टक्क्यांनी आणि मांडीच्या स्नायूचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढले. सिरॉसिसमध्ये गेलेले मांस परत येऊ शकते, ही गोष्ट त्यामुळे ठामपणे सांगता येते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. हे सर्व अभ्यास लहान आहेत. त्यांत भाग घेणारे बहुतेक रुग्ण सौम्य वा मध्यम अवस्थेतील होते. व्यायामाने आयुष्य वाढते असे सिद्ध करणारा मोठा प्रयोग झालेला नाही, आणि निबर झालेले यकृत व्यायामाने पूर्ववत होत नाही. व्यायामाने ताकद, चालण्याचा पल्ला आणि रोजच्या जगण्यातील स्वावलंबन वाढते, एवढा दावा मात्र निःशंकपणे करता येईल. अंथरुणाला खिळलेल्या घरात हा दावा लहान नाही.

आधी ताट, मग व्यायाम

उपाशी शरीराकडून व्यायाम करून घेणे म्हणजे रिकाम्या जात्यावर दळणे आहे. दळण पडत नाही आणि दगड मात्र झिजतो. म्हणून आम्ही व्यायामाची पहिली पायरी आहारतज्ज्ञाकडे ठेवतो. यकृताच्या अभ्यासकांच्या युरोपीय संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सिरॉसिसच्या रुग्णास, पाण्याचे वजन वगळून, दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. ६० किलोच्या मनुष्यास हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. आपल्याकडील पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम ५-६ ग्रॅम असतात, हे लक्षात घेतले म्हणजे तूट किती मोठी आहे ते कळते. घट्ट वरण, उसळी, दही, दूध, शेंगदाण्याचे कूट, सोयाबीन आणि चालत असल्यास अंडी व मासे यांतून ही तूट भरून काढावी लागते.

‘प्रथिनांनी डोक्यात अमोनिया चढेल’ अशी शंका सुशिक्षित नातेवाईकही विचारतात. ती निराधार नाही, कारण अनेक दशके डॉक्टरच तसे सांगत. २००४ मध्ये बार्सिलोना येथे, बुद्धिभ्रमाने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, नेहमीइतकी प्रथिने दिल्याने बुद्धिभ्रम वाढला नाही. कमी प्रथिने मिळालेल्यांच्या शरीरात मात्र मांसाचे विघटन अधिक झाले. डाळी आणि दुधाची प्रथिने अशा रुग्णांना विशेष मानवतात, ही आपल्या आहारपद्धतीच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे.

झोपण्यापूर्वीचा अल्पोपाहार हा आमच्या मते या संपूर्ण उपचारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. त्यातून निदान ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळावेत. दूध-पोहे आणि एक केळे, किंवा नाचणीची पेज आणि राजगिऱ्याचे लाडू असे काही चालते. मधुमेह असल्यास आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने बदल करावा. न्यूझीलंडमधील २००८ च्या एका वर्षभराच्या अभ्यासात रात्री पूरक आहार घेणाऱ्यांच्या शरीरातील प्रथिने वाढली, तोच आहार दिवसा घेणाऱ्यांची वाढली नाहीत. दिवसाही तीन-चार तासांहून अधिक काळ पोट रिकामे ठेवू नये.

ओघाने उपवासाविषयी. एकादशी, संकष्टी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात हस्तक्षेप करण्याची आमची इच्छा नाही. तथापि सिरॉसिसच्या रुग्णाने निराहार राहणे त्याच्या स्नायूंना परवडणारे नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या अनुभवात घरातील ज्येष्ठांनी शब्द टाकल्यास रुग्ण उपवास सोडतो. डॉक्टरांच्या सांगण्याने क्वचितच.

व्यायामाची आखणी

प्रारंभापूर्वी दुर्बिणीने अन्ननलिकेची तपासणी झालेली असावी व शिरा फुगलेल्या असल्यास त्यांवर औषध वा बंधन हा उपचार झालेला असावा. पोट पाण्याने ताठ असेल तर प्रथम ते पाणी कमी करावे. हृदयाची तपासणी करावी. नुकताच रक्तस्राव झालेला, ताप असलेला किंवा बुद्धिभ्रमाच्या अवस्थेतील रुग्ण व्यायामासाठी घेऊ नये. प्रकृती स्थिरावली की त्याच्यासाठीही खाटेवरचे हलके व्यायाम असतात.

‘रोज चालत जा’ असे सांगून आपण बहुधा मोकळे होतो. चालणे उत्तम, आठवड्यास एकूण १५० मिनिटांपर्यंत हळूहळू न्यावे. प्रारंभी दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. परंतु केवळ चालण्याने झिजलेली मांडी भरत नाही. त्यासाठी स्नायूंना ओझे द्यावे लागते. आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा ठेवून, खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून रेटणे, कठड्याला धरून टाचा उचलणे आणि खुर्चीत बसून घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून पाय सरळ करणे, एवढे व्यायाम पुरतात. दंडासाठी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन झालेच. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, एक फेरी. सहज जमू लागल्यावर दुसरी फेरी व नंतर ओझ्यात अल्प वाढ. ओझे न वाढविता वर्षभर तोच व्यायाम करीत राहणे निरर्थक आहे.

ओझे उचलताना श्वास कोंडू नये. श्वास कोंडून जोर केल्यास पोटातील दाब एकदम वाढतो. जोर लावताना मोठ्याने आकडे मोजावेत म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. जलोदरात बेंबीपाशी हर्निया असणे सामान्य आहे. अशा रुग्णांनी उताणे झोपून धड उचलण्याचे व्यायाम, जोरबैठका आणि कपालभाती टाळावी. रुग्ण प्रोप्रॅनोलॉल वा कार्व्हेडिलॉल घेत असल्यास नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज घेता येत नाही, कारण ही औषधे ठोके वाढू देत नाहीत. त्यांनी बोलून पाहावे. चालताना वाक्य पूर्ण बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, इतपत श्रम योग्य. व्यायाम उपाशीपोटी करू नये. पहाटेच्या फिरण्याची सवय असलेल्यांनी निघण्यापूर्वी दूध व काही खाऊन निघावे.

वर उल्लेखिलेल्या शेतकरी गृहस्थांना पहिल्या दिवशी हाताच्या आधाराविना खुर्चीवरून एकदाही उठता आले नाही. दोन उशा घालून खुर्चीची बैठक उंच केली आणि तेथून सुरुवात झाली. काही आठवड्यांनी एक उशी काढली, पुढे दुसरी. त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांत सांगण्याजोगी सुधारणा झाली नाही आणि पोटातील पाण्यासाठी औषधे चालूच राहिली. परंतु रात्री लघवीस जाताना मुलाला उठवावे लागत नाही, हे त्यांनी आम्हांस आपणहून सांगितले. आम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या यादीत तो प्रश्न नव्हता.

देखरेखीचे मोल

घरी करावयाच्या व्यायामाची चित्रफीत हाती देऊन भागेल काय, हे अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांवर तपासण्यात आले. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर रुग्णांच्या दुर्बलतेत लक्षणीय फरक पडला नव्हता, कारण अखेरपर्यंत नेमाने व्यायाम करणारे फारच थोडे होते. थकलेल्या मनुष्यास एकट्याने व्यायाम करणे अवघड जाते, यात नवल नाही. या दोन अभ्यासांतील फरक, डेन्मार्कमधील यश आणि अमेरिकेतील अपयश, आम्हांस तरी प्रामुख्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा वाटतो.

धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. उपकरणासाठी देणगी मिळते आणि ती देणाऱ्याच्या नावाची पाटी त्यावर सन्मानाने लागते. फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाजवळ घालविलेल्या अर्ध्या तासावर पाटी लावता येत नाही. आणि तरीही या रोगात तो अर्धा तासच औषध आहे. ज्यांना दूरच्या गावाहून आठवड्यातून दोनदा येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी घरातील एका व्यक्तीस व्यायाम शिकवून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर चौकशी करावी, हा मार्ग कमी प्रभावी असला तरी अंमलात आणण्याजोगा आहे. सून, मुलगा, शेजारी, कोणीही चालेल. मात्र एकच व्यक्ती नेमलेली असावी. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते.

व्यायाम कधी थांबवावा

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, छातीत दुखणे, भोवळ, ताप व पोटदुखी, किंवा झोपेचे चक्र उलटे होणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम तात्काळ बंद करून रुग्णालयात यावे. पहिल्या पंधरवड्यात मांड्या दुखतात, ते अपेक्षित आहे. त्यासाठी दुकानातून आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये. सिरॉसिसमध्ये ती मूत्रपिंडांना इजा करते आणि रक्तस्रावाचा धोका वाढविते. शेक पुरेसा न वाटल्यास आमच्याशी बोलून पॅरासिटामॉल मर्यादित मात्रेत घेता येते. व्यायामशाळांतून मिळणारी शरीर कमावण्याची चूर्णे आणि इंजेक्शने यांपासून दूर राहावे. मद्य पूर्ण वर्ज्य असावे, हे वेगळे सांगणे नको.

आमच्याकडे नोंद झालेल्या रुग्णास एक वही दिली जाते. तीत व्यायामाचे दिवस, खुर्चीच्या परीक्षेचे सेकंद, शौचाची संख्या आणि रात्रीचा अल्पोपाहार घेतला की नाही, एवढ्याच नोंदी असतात. लिहिता न येणाऱ्यांनी रेघ ओढली तरी पुरते. पुढील भेटीस येताना ही वही आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या, त्यांच्या वेष्टनांसह, बरोबर आणाव्यात.